धुऊन वापरायचे मोठ्यांचे कापडी डायपर : दहा महिन्यांचा अनुभव

अकरा वर्षांपूर्वी अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली. कमरेखाली संवेदना नाही, लघवीवर ताबा नाही. दिवसातून पाच वेळा कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करते, तरी मधल्या वेळात गळती होतेच. जोराचा खोकला आला की होते, पलंगावरून व्हीलचेअरच्या खुर्चीत सरकताना होते. म्हणून डायपर. एवढं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. या वस्तूबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते घरातल्या आजींसाठी किंवा पेशंटसाठी विकत घेणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यांना गादी कोरडी राहिली की समाधान असतं. जो चौदा तास त्यावर बसतो त्याला आणखी बरंच काही कळतं, ते लिहिते आहे.

गेल्या मे महिन्यात मी एका छोट्या गृहउद्योगाकडून सहा कापडी डायपर आणि पंधरा पॅड मागवले. एकूण ७,८०० रुपये झाले. बाहेरचं कव्हर पीयूएलचं आहे, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पाणी न झिरपणारा पातळ थर चिकटवलेला. पुढून टिचबटणं. आत एक खिसा, त्यात पॅड सरकवायचा. पॅडमध्ये वर मायक्रोफायबर आणि खाली बांबूच्या कापडाचे थर. पॅड ओला झाला की तेवढाच काढून दुसरा घालता येतो, कव्हर दिवसभर चालतं.

मी हे पैसे वाचवायला घेतले नाहीत. आमच्या पार्किंगमध्ये एक दिवस जे पाहिलं त्यामुळे घेतले.

आमच्या इमारतीचा कचरा 'स्वच्छ'च्या ताई नेतात. पुण्यातली ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली. या कामात बहुतेक बायका, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. त्या दिवशी सकाळी मी लिफ्टनं खाली आले तेव्हा ताई कोपऱ्यात बसून सुका कचरा निवडत होत्या. त्यांनी एक काळी पिशवी सोडली, आत हात घातला आणि हात तसाच थांबला. पिशवी माझी होती. गाठीवरून ओळखली, मी दुहेरी गाठ मारते. त्यांनी हात बाहेर काढला, शेजारच्या बाटलीतलं थोडंसं पाणी त्यावर ओतलं आणि पुढची पिशवी ओढली. हातमोजे बाजूला पडले होते. ते घातले की प्लास्टिक कुठल्या प्रकारचं ते बोटांना समजत नाही, म्हणून काढतात, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मी जवळ जाऊन सांगितलं की ती पिशवी माझी. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, पेपरात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढत जावा. मग हात घालायच्या आधी कळतंय."

लाल ठिपक्याची पद्धत मला माहीत होती. 'स्वच्छ'नं ती मोहीम पुण्यात घरोघरी पोहोचवली आहे. आमच्याकडे कोविडच्या काळात वर्तमानपत्र बंद झालं आणि त्याबरोबर गुंडाळणंही सुटलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर असं म्हटलं होतं की पाळीचे पॅड आणि डायपर बनवणाऱ्या कंपन्यांनी पाकिटासोबत गुंडाळून टाकायची पिशवी द्यावी. इतक्या वर्षांत मी किती पाकिटं फोडली असतील, पिशवी एकदाही निघाली नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी २०१३ मध्ये लोकांचे वापरलेले पाळीचे पॅड गोळा करून थेट कंपन्यांच्या पत्त्यावर पाठवून दिले होते, ते मला त्या दिवशी पार्किंगमध्ये आठवलं. त्याच २०१३ मध्ये हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा आला. आपण तो कायदा वाचताना संडास, गटार, रेल्वेचे रूळ डोळ्यांसमोर आणतो. डायपरच्या घडीत जे असतं तेही तेच असतं. काळ्या पिशवीत गाठ मारून दिलं म्हणून ते बदलत नाही. मी दिवसाला तीन डायपर वापरत होते, महिन्याला साधारण नव्वद. त्यातला प्रत्येक त्या हातांखालून गेला आणि मग कुठल्या तरी गावच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन पडला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला आहे, तिथल्या विहिरींचं पाणी त्यानं नासलं.

तर आता प्रत्यक्ष वापर.

पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते. बाजारातल्या डायपरमध्ये लघवी शोषून जेलसारखी घट्ट करणारी पावडर असते, त्यामुळे वरचा थर कोरडा राहतो. शिवाय ओलं झालं की रंग बदलणारी बाहेरची रेघ असते. संवेदना नसलेल्या माणसाला ती रेघ म्हणजे डोळ्यांनी मिळणारी जाणीव आहे. कापडी डायपरला अशी कुठलीही खूण नाही. मी ओली आहे हे मला कळतच नव्हतं, आणि ओल्या कातडीवर तासन् तास बसणं म्हणजे दाबाच्या जखमेला, बेडसोरला, आमंत्रण. ती जखम भरायला महिने जातात. आम्हा मणक्याच्या लोकांत किती तरी जण त्यापायी पालथे पडून राहिलेले आहेत. त्यामुळे मी मोबाइलवर दर अडीच तासांचा गजर लावला. गजर झाला की बोट घालून बघायचं. आता दहा महिन्यांनी मला अंदाज आला आहे: चहानंतर दीड तास, जेवणानंतर तीन तास. पण नव्यानं सुरू करणाऱ्याला, विशेषतः ज्याला स्वतःचा हात तिथवर नेता येत नाही त्याला, ही मोठी अडचण आहे. त्यानं एकट्याच्या भरवशावर हे घेऊ नये.

दुसरी गोष्ट शिवणीची. कव्हरच्या मागच्या बाजूला दोन कापडं जिथे जोडली आहेत तिथे शिवण दुहेरी आहे, हाताला जेमतेम जाणवेल इतकी. ती बरोबर माझ्या डाव्या बुडाच्या हाडाखाली येते. तिसऱ्या दिवशी रात्री आरशात बघितलं तर तिथे बोटभर लांब लाल रेघ. अशा वेळी बोटानं दाबून बघायचं असतं. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर धोका. पांढरं पडलं. तरी ती रेघ जायला पन्नास मिनिटं लागली. मी उशी बदलून पाहिली, डायपर दोन बोटं वर ओढून पाहिला, शेवटी चार तासांवर सलग बसायचं नाही असं ठरवलं. या एका शिवणीसाठी मी या वस्तूला पूर्ण गुण देऊ शकत नाही. शिवणाऱ्यांनी बाळाच्या डायपरचा नमुना मोठा करून कापलेला दिसतो. बाळ दिवसभर एका जागी बसत नाही.

बाकी कातडीच्या बाबतीत मात्र फरक पडला. आठ वर्षं उन्हाळ्यात जांघेत जे पुरळ यायचं ते या वर्षी आलं नाही. कापड हवा खेळू देतं. शिवाय हलताना किंवा सरकताना प्लास्टिकचा तो करकर आवाज येत नाही. शांत खोलीत बसल्यावर तो आवाज आपल्याच अंगातून येतो आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं, आणि त्यानं माणूस किती आखडून बसतो ते मी शब्दांत सांगू शकणार नाही.

आता धुण्याचं. याच ठिकाणी माझं सगळं गणित हललं.

आमच्याकडे नऊ वर्षं मावशी येतात. कपडे, भांडी, मला कधी उचलायला मदत. मी त्यांना विचारलं, हे धुवाल का, महिन्याला पाचशे वाढवून देते. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "करते की." तीन आठवडे त्यांनी केलं. एकदा निघताना चपला घालता घालता मला हळूच म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या घरी कुणाला सांगू नका हं, मी हे करते म्हणून." त्यांना भीती होती की वरच्या मजल्यावरच्या घरी कळलं तर तिथला स्वयंपाक सुटेल. जे हात माझी लघवी धुतात त्यांच्या हातची पोळी त्या घरात चालणार नाही. आणि घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्या स्वतःच्या चुलीपाशी जात नव्हत्या, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पार्किंगमधल्या ताईंच्या हातून एक काम काढून घेतलं आणि ते मावशींच्या हातात दिलं, एवढंच केलं होतं. कचरा कमी झाला म्हणून मी महिनाभर बरं वाटून घेत होते. माझ्या शरीरातून जे बाहेर पडतं ते कुणाच्या तरी हातून जाणारच आहे. तो हात कुणाचा, त्याला नाही म्हणता येतं का, त्याचे त्याला किती पैसे मिळतात आणि त्या पैशांबरोबर त्याला काय लपवावं लागतं, हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. तेव्हापासून मी अशी कुठलीही वस्तू बघताना आधी हे बघते.

मी ते काम स्वतः करायचं ठरवलं. मला हात आहेत, खांदे मजबूत आहेत. मावशींचे वाढवलेले पाचशे तसेच ठेवले, ती त्यांची पगारवाढ होती, राहूनच गेली होती. मशीन पुढून उघडणारं होतं, त्यामुळे खुर्चीतून हात पोहोचतो. त्याच्याशेजारी झाकणाची बादली आणि नळाला हँडशॉवर लावून घेतला. पॅड आधी गार पाण्यात दोनदा खळखळून काढायचे, मग मशीनमध्ये. पॅड साठ अंशांवर, कव्हर चाळीसवर, जास्त उष्णतेनं इलॅस्टिक जातं. दिवसाआड एक घाणा. मला सगळं मिळून वीस मिनिटं लागतात. वाळत घालायला छताला दोरीनं खालीवर होणाऱ्या दांड्या बसवल्या, त्या खुर्चीत बसून माझ्या खांद्याइतक्या खाली येतात. ज्यांना घरात कपडे स्वतः वाळत घालता येत नाहीत म्हणून चुटपुट लागते त्यांनी डायपर असो वा नसो, या दांड्या बसवून घ्याव्यात.

एकदा माझ्या बहिणीनं प्रेमानं कपडे मऊ करणारं लिक्विड घातलं. त्यानं धाग्यांवर तेलकट थर बसतो. पॅडवर पाणी ओतलं तर थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. चार वेळा नुसत्या गरम पाण्यातून काढल्यावर ते पुन्हा शोषायला लागले. मे महिन्यात टँकरचं जड पाणी असताना पॅड वाळल्यावर पापडासारखे कडक व्हायचे, ते हातांनी चोळून मऊ करावे लागतात. आणि पाण्याचा विचार मला सतत येतो. सोसायटीत दिवसाआड पाणी असताना मी हे धुणं काढते. कचरा वाचवताना पाणी जातं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी ते खळखळलेलं पाणी कमोडमध्ये ओतते, तेवढी एक फ्लश वाचते.

पावसाळ्यात ही व्यवस्था कोलमडली. जुलैमध्ये पॅड वाळायला पूर्ण दोन दिवस लागत होते, आणि अर्धवट वाळलेल्या पॅडला जो वास येतो तो नंतर उन्हाशिवाय जात नाही. ऊन आमच्या पुढच्या गॅलरीत येतं. तिथे घातल्यावर एक शेजारीण भेटायला आल्या आणि म्हणाल्या की समोरून दिसतं, बरं नाही वाटत. मी त्यांना सांगितलं की हे माझे स्वच्छ धुतलेले कपडे आहेत. त्या गेल्यावर माझे हात थरथरत होते. पॅड मात्र तिथेच वाळतात अजून.

मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज नोंद करते: टाकून द्यायचा डायपर वापरला की रात्रीचा असेल तर 'रा', बाहेर गेल्यामुळे असेल तर 'बा'. जुलैत ५८ झाले. गेल्या फेब्रुवारीत ३१, त्यातले 'रा' ९ आणि 'बा' २२. हे आकडे मी बराच वेळ बघत बसले होते. म्हणजे माझा आत्ताचा दोनतृतीयांशाहून जास्त कचरा मी घराबाहेर पडते तेव्हा होतो. कापडी पॅड बदलायला मला अशी जागा लागते जिथे खुर्ची आत जाईल, कमोडवर सरकता येईल, हात धुता येतील. दार ९० सेंटीमीटर आणि आत खुर्ची वळायला दीड मीटर, हे सरकारी मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मी जिथे कामाला जाते तिथलं दिव्यांगांचं स्वच्छतागृह कुलपात असतं आणि उघडलं की आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन. एका बागेजवळच्या स्वच्छतागृहाला रॅम्प आहे, पण रॅम्प संपतो तिथे एक पायरी आहे. मग मी सकाळी निघताना जाडजूड डायपर घालते, पाणी कमी पिते, आणि पाणी कमी पिण्यानं मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गेल्या वर्षी दोनदा झाला, दोन्ही वेळा प्रतिजैविकांचा कोर्स.

एका दिवशी मात्र वेगळं घडलं. वनाजहून मेट्रोनं सिव्हिल कोर्टला गेले होते. स्थानकातलं व्हीलचेअरवाल्यांसाठीचं स्वच्छतागृह उघडं होतं, धरायला दांडे होते, फरशी कोरडी होती. मी पॅड बदलला, ओला पॅड झिपच्या पिशवीत घातला आणि घरी आले. त्या दिवसाच्या चौकटीत काहीच लिहिलं नाही.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, सार्वजनिक जागा सुगम्य करायची जबाबदारी त्यात लिहिलेली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचा नियम नुसत्या शिफारशीसारखा ठेवून चालणार नाही, सक्तीचे निकष करा, आणि केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. मुंबईत तर २०११ पासून 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) मोहिमेच्या कार्यकर्त्या बायकांच्या मुतारीसाठी भांडत आहेत. मला कुणी माझ्या डायपरच्या प्लास्टिकबद्दल विचारलं तर मी त्यांना कालनिर्णयावरचे ते बावीस 'बा' दाखवीन. तो नसलेल्या संडासांचा कचरा आहे, आणि नावावर माझ्या आहे.

हे मुद्दाम लिहिते, कारण पर्यावरणाचं बोलणं दिव्यांगांच्या अंगावर फार सहज येतं. माझ्या एका मैत्रिणीला सेरेब्रल पाल्सी आहे, स्नायूंवर पूर्ण ताबा नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यात स्ट्रॉही गेल्या. तिला वाकणारी स्ट्रॉ लागायची. कागदाची तिच्या पिण्याच्या वेगाला टिकत नाही, तिचा लगदा होतो. स्टीलची, मान झटक्यानं वळली की हिरडीला लागते, एकदा रक्त आलं. आता सिलिकॉनची सोबत बाळगते, पण रसवंतीवर पर्स विसरली की ती काही पीत नाही, नुसती बसून राहते. बंदीला तिचा विरोध नाही. आपल्याला कुणी विचारलं नाही, एवढंच तिचं म्हणणं आहे.

खर्चाचं थोडक्यात. बाजारातला चांगला पँटसारखा डायपर मला चाळीस रुपयांच्या आसपास पडतो, आधी महिन्याला ३,८०० जायचे, आता १,२०० ते १,५००. साबण आणि वीज धरूनही तीन-चार महिन्यांत ७,८०० वसूल झाले. पण ७,८०० एकदम काढता येणं हीच गोष्ट मोठी आहे. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिन्याला १,५०० मिळायचे, २०२५ मध्ये त्याचे २,५०० झाले. त्यात हे कसं बसवायचं? मासिक पाळीच्या पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये पूर्ण काढला. मोठ्यांच्या डायपरवर मात्र १२ टक्के राहिला, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. पाच टक्के तरी कशाला, असं मला वाटतं. आणि ज्या घरात मशीन नाही, नळाला एक तास पाणी येतं, वाळत घालायला जागा नाही, तिथे कुणी हे वाचून आजोबांचे डायपर बंद करू नयेत. तिथे हे धुणं सुनेच्या नाही तर मुलीच्या अंगावर पडेल. कागदात गुंडाळा, ठिपका काढा, आणि कचरा नेणाऱ्या ताईंचे महिन्याचे पैसे वेळेवर द्या.

कुणी घ्यावेत? जे बहुतेक वेळ घरी असतात, ज्यांना फक्त लघवीचा त्रास आहे, ज्यांना स्वतः तपासता येतं किंवा तपासणारं आपलं माणूस जवळ आहे. सुरुवातीला दोन कव्हर आणि पाच पॅड घेऊन महिनाभर बघा, सगळा संच एकदम घेऊ नका. माप कमरेचं न बघता बसल्यावर मांडीचं घ्या. मी कमरेवरून मध्यम घेतला, मांडीशी सैल पडला आणि पहिले दोन महिने कडेनं गळत होतं. टिचबटणं उत्तम आहेत, दहा महिन्यांत एकही निघालं नाही. इलॅस्टिक सहापैकी दोन कव्हरांचं ढिलं झालं आहे.

शिवणीबद्दल मी बनवणाऱ्या बाईंना फोटो आणि मोजमापं पाठवली होती. त्यांचा फोन आला. त्यांनी तासभर नीट ऐकून घेतलं, खुर्चीत बसलं की हाडं नेमकी कुठे टेकतात ते विचारलं, आणि मागे जोड नसलेलं एक कव्हर शिवून पाठवलं, पैसे घेतले नाहीत. आज ते घालून नववा दिवस. रात्री आरशात बघते, बोटानं दाबून बघते. डाव्या बाजूची लाली वीस मिनिटांत जाते आहे. उन्हाळ्यात घाम आला की काय होतं ते अजून बघायचं आहे, मे संपला की लिहीन.